पराभूत प्रशिक्षकाचे घराणे : कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉलचा इतिहास



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेचे क्रीडाशिक्षक होते. त्यामुळे मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने आज साहित्याकडे न वळता मैदानाकडे वळावे, हे प्रसंगाला धरूनच आहे. माझा विषय मात्र थोडा दूरचा आहे. अमेरिकेच्या मध्यभागी कॅन्सस नावाचे गव्हाच्या शेतांचे राज्य आहे. त्यातील लॉरेन्स या गावच्या विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे. दूरचा म्हणालो खरा; पण बोलता बोलता धारवाड, मिरज आणि अमरावती ही आपली गावे वाटेत भेटतील, आणि ती मी ओढूनताणून आणलेली नाहीत हे आपल्या ध्यानात येईल.

या संघाच्या यशाची मोजदाद करणे सोपे आहे. राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपद त्याने १९५२, १९८८, २००८ आणि २०२२ अशा चार वर्षी मिळवले. सव्वाशे वर्षांत त्याला अवघे आठ मुख्य प्रशिक्षक लाभले. या आठांपैकी ज्याच्या खात्यावर विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत असा प्रशिक्षक एकच. नऊ हंगामांत त्याने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्याचे नाव जेम्स नेस्मिथ. बास्केटबॉल हा खेळ ज्याने शोधून काढला तोच हा गृहस्थ! आपल्याच खेळात हरलेल्या या माणसापासून जगातील एका अत्यंत यशस्वी क्रीडापरंपरेचा उगम कसा झाला, हा माझ्या आजच्या विवेचनाचा गाभा आहे.

नेस्मिथचा जन्म १८६१ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातला. नऊ वर्षांचा असताना आईबाप विषमज्वराने गेले. मामाने सांभाळ केला. माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठाची पदवी, मग धर्मशास्त्राचे शिक्षण, आणि पाद्री होण्याऐवजी व्यायामशिक्षक होण्याचा निर्णय, असा त्याचा प्रवास आहे. १८९० मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात आला. तिथल्या हिवाळ्यात मैदानावर बर्फ साचे आणि मुलांना बंद व्यायामशाळेत कवायत करावी लागे. अठरा जणांचा एक वर्ग या कवायतीला इतका विटला होता, की दोन शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथकडे सोपवला आणि चार भिंतींच्या आत खेळता येईल असा एखादा खेळ चौदा दिवसांत तयार करायला सांगितले.

या चौदा दिवसांची हकीकत क्रीडाशिक्षकांनी मुळातून वाचण्यासारखी आहे. नेस्मिथने आधी मैदानी खेळच आत आणून पाहिले. खिडक्या फुटल्या आणि मुलेही जायबंदी झाली. मग त्याने खेळांची चिरफाड केली. मारामारी कशातून उद्भवते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवण्यातून. तेव्हा चेंडू घेऊन पळायचेच नाही. चेंडू जोराने का मारला जातो? गोल समोर उभा असतो म्हणून. तेव्हा गोल डोक्याच्या वर आडवा ठेवायचा, म्हणजे जोरापेक्षा नेम आणि हलका हात कामी येईल. त्याने शिपायाकडे दोन खोकी मागितली. शिपायाला खोकी मिळाली नाहीत, त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. सज्जाच्या कठड्याला त्या ठोकल्या गेल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, एवढ्याच कारणाने आजही जगभर कडे दहा फुटांवर असते. डिसेंबर १८९१ मध्ये एका बाजूला नऊ अशा अठरा जणांनी पहिला सामना खेळला आणि तो १-० असा संपला. टोपलीला बूड असल्यामुळे चेंडू काढायला शिडी लावावी लागत होती. मूळ नियम तेरा होते आणि ते दोन पानांत मावले.

म्हणजे वर्गातील उनाड मुलांना काबूत ठेवण्यासाठी, त्यांना न रागावता, एका शिक्षकाने शोधलेला हा उपाय होता. आपल्याकडे दहावीची परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला दिला जातो. गणिताविषयी मला आदर आहे; पण या तासाचा इतिहास इतका हलका नाही, एवढे नमूद करून पुढे जातो.

वाय.एम.सी.ए.च्या शिक्षकांबरोबर हा खेळ थोड्याच वर्षांत देशोदेशी गेला. स्प्रिंगफील्डचेच पदवीधर एच. सी. बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. मुंबईत या खेळाचे घर ठरले ते नागपाडा. मॅसॅच्युसेट्सहूनच १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या, मराठी गद्याच्या आणि ‘ज्ञानोदया’च्या इतिहासात ज्याला टाळून पुढे जाता येत नाही त्या अमेरिकन मराठी मिशनचे एक पाद्री क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी तिथे ‘नेबरहूड हाऊस’ हे समाजकेंद्र उभारले. १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची शाळा याच वास्तूत सुरू झाली. भारताचे कर्णधारपद भूषवलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर हे या नागपाड्याचे. आमच्या व्याकरणकारांच्या इतिहासात येणारे मिशन आणि कड्यात चेंडू टाकणारी नागपाड्याची पोरे यांचे नाते असे एकाच वास्तूपाशी जुळते.

असो. नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्ससला आला तो प्रार्थनामंदिराचा प्रमुख आणि शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून. तत्पूर्वी डेन्व्हरला त्याने वैद्यकाची पदवी घेतली होती. बास्केटबॉलचा संघ हे त्याच्या दृष्टीने मुख्य काम नव्हतेच. फेब्रुवारी १८९९ मध्ये कॅन्ससचा संघ आपला पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वाय.एम.सी.ए.शी खेळला आणि १६-५ असा हरला. नेस्मिथला त्याचे फारसे दुःख झाले नसावे. अनेकदा तो प्रवासात पंचाचेच काम करी. त्याचा विद्यार्थी फॉरेस्ट अ‍ॅलन याला दुसऱ्या एका महाविद्यालयाने प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा नेस्मिथ हसला आणि म्हणाला, की हा खेळ शिकवायचा नसतो, खेळायचा असतो. अशी आख्यायिका कॅन्ससमध्ये प्रसिद्ध आहे.

अ‍ॅलनने गुरूचे हे म्हणणे आयुष्यभर खोटे पाडले. हा मनुष्य विलक्षण. बेसबॉलच्या सामन्यात पंच म्हणून ओरडताना त्याचा आवाज धुक्यात वाजणाऱ्या भोंग्यासारखा वाटे, म्हणून त्याला ‘फॉग’ हे टोपणनाव पडले आणि तेच इतिहासात राहिले. १९०७ ते १९०९ आणि पुन्हा १९१९ ते १९५६ असा तो कॅन्ससचा प्रशिक्षक होता. मधल्या काळात तो हाडे-सांधे बसवण्याची विद्या शिकून आला. खेळाडूंच्या दुखापती तो स्वतः पाहत असे. कॅन्ससला त्याने ५९० सामने जिंकून दिले. त्याने प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९२७ मध्ये स्थापन केली, या संघटनेने १९३९ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू केली, आणि बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये जावा यासाठी त्याने वर्षानुवर्षे धडपड केली. नेस्मिथने खेळ दिला. त्याला पेशा, शास्त्र आणि संस्था यांचे रूप अ‍ॅलनने दिले. दोघांचे याबाबत कधीच एकमत झाले नाही. दोघेही एकाच गावात राहत होते!

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अ‍ॅलनच्या धडपडीला यश आले. पंचाहत्तरीच्या घरातील नेस्मिथला तिथे पाठवण्यासाठी अमेरिकेतील प्रशिक्षकांनी सामन्यांतून पैपैसा गोळा केला, कारण खेळाच्या शोधातून त्याने पैसा कधी कमावला नव्हता. स्पर्धेचा पहिला चेंडू त्याच्या हातून उडवला गेला. अंतिम सामना अमेरिका आणि कॅनडा, म्हणजे त्याच्या दोन देशांमध्येच झाला. उघड्या मातीच्या मैदानावर, भर पावसात, चेंडू उसळेनासा झाला असताना अमेरिका १९-८ अशी जिंकली. त्याच बर्लिनमध्ये त्याच वर्षी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने आपले देशी खेळ जगाला दाखवले, हुतुतूसुद्धा. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. बास्केटबॉल तिथून पदके घेऊन परतला, हुतुतू टाळ्या घेऊन. एका खेळाच्या मागे विद्यापीठे उभी होती आणि दुसऱ्याच्या मागे एका गावची निष्ठा. या फरकाचा विचार आपल्या क्रीडा-इतिहासकारांनी पुरेसा केलेला नाही, असे माझे मत आहे.

धारवाड ते कोल्हापूर या पट्ट्यात ‘घराणे’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडून कुंदगोळचे सवाई गंधर्व शिकले आणि सवाई गंधर्वांकडून गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी. गाणे एक आणि गळे मात्र वेगवेगळे. कॅन्ससचे नेमके असेच झाले. अ‍ॅलनच्या हाताखाली १९२० च्या सुमारास खेळलेला अ‍ॅडॉल्फ रप केंटकी विद्यापीठात गेला आणि १९३० ते १९७२ या काळात त्याने ८७६ सामने आणि चार राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. १९५२ मध्ये कॅन्ससने पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले त्या संघात डीन स्मिथ नावाचा एक राखीव खेळाडू होता, बाकावर बसणारा. तो पुढे नॉर्थ कॅरोलायनाचा प्रशिक्षक झाला. मायकेल जॉर्डन त्याचा विद्यार्थी. १९९७ मध्ये निवृत्त होताना स्मिथच्या नावावर ८७९ विजय होते, म्हणजे आपल्याच गुरुबंधूपेक्षा तीन अधिक. केंटकी आणि नॉर्थ कॅरोलायना ही आज कॅन्ससची मोठी प्रतिस्पर्धी विद्यापीठे आहेत. उद्यमबागेत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना हे लगेच पटेल. इथल्या फाउंड्रीत ओतलेला सुटा भाग दुसऱ्याच्या इंजिनात बसतो आणि गाडी पळते ती दुसऱ्याच्या नावाने.

परंतु या घराण्यातील एक विद्यार्थी संघाच्या छायाचित्रात कुठेच दिसत नाही. त्याच्याविषयी मला अधिक बोलायचे आहे.

जॉन मॅक्लेंडन हा कॅन्ससमधीलच एका गावचा कृष्णवर्णीय मुलगा. शारीरिक शिक्षणाची पदवी घेण्यासाठी तो १९३३ मध्ये विद्यापीठात आला आणि नेस्मिथ त्याचा मार्गदर्शक झाला. तो त्या संघात खेळू शकत नव्हता, कारण संघ गोऱ्यांचा होता. पदवीसाठी पोहण्याची परीक्षा आवश्यक होती आणि तलावही गोऱ्यांचा. तो पाण्यात उतरला तेव्हा तलाव रिकामा करण्यात आला, अशी हकीकत आहे. मॅक्लेंडन हटला नाही आणि नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिला. पुढे तो तलाव सर्वांना खुला झाला. आणि हे घडले ते लॉरेन्समध्ये! १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विरोधकांनी, मॅसॅच्युसेट्सहून मुद्दाम येऊन, जे गाव वसवले, १८६३ मध्ये गुलामगिरीच्या समर्थकांनी जे जाळून दीडशेच्या आसपास माणसे मारली, त्याच गावात. पूर्वजांचे पुण्य नातवंडांच्या कामी आपोआप येत नाही, ते असे.

एकलव्याची उपमा इथे अनेकांना सुचेल. मला ती अपुरी वाटते. द्रोणाने शिकवायला नकार दिला आणि वर दक्षिणा मागितली. नेस्मिथने शिकवले, पुढील शिक्षणाची आणि नोकरीची वाट दाखवली, आणि काही मागितले नाही. पण संघाचे दार तोही उघडू शकला नाही. ते दार अ‍ॅलनच्या हद्दीत होते, आणि अ‍ॅलननेही ते त्या काळी उघडले नाही. अ‍ॅलनच्या थोरवीचे पोवाडे गाताना हे कडवे गाळता येणार नाही.

आपण यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. १८७६ मध्ये धारवाडला जन्मलेले पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील गोलंदाज. पुण्यात हिंदूंच्या संघासाठी ते बळी घेत होते. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. धारवाड आणि लॉरेन्स या दोन गावांत समुद्र होते, पण मैदानाच्या कडेला आखलेली रेघ सारखीच होती.

मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलायनातील डरहम येथे कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात प्रशिक्षक झाला. चेंडू जिथे असेल तिथे खेळ सुरू होतो, हे नेस्मिथचे सूत्र त्याने शब्दशः घेतले आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड धावणारा खेळ घडवला. त्याच गावात ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोऱ्या विद्यार्थ्यांचा एक बलाढ्य संघ होता. दोन्ही वर्णांच्या संघांनी एकत्र खेळणे त्या राज्यात धोक्याचे होते. १२ मार्च १९४४ च्या रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, ते गोरे विद्यार्थी आडवाटांनी, कोटांनी डोकी झाकून आले. व्यायामशाळेला आतून कुलूप लावले गेले. प्रेक्षक कोणी नव्हते. पंच होता, घड्याळ होते. मॅक्लेंडनचा संघ ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर जे झाले ते मला या विजयाहून मोठे वाटते. दोन्ही संघ परस्परांत मिसळले, अर्धे इकडे अर्धे तिकडे अशी नवी वाटणी केली आणि आणखी एक सामना खेळले. ही गोष्ट जगापुढे आली १९९६ मध्ये, बावन्न वर्षांनी.

आता १९५७ चा मार्च महिना. दरम्यान १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल लागला होता, आणि तो दावा कॅन्ससच्याच टोपीका गावचा होता. अ‍ॅलनने म्हातारपणी दार उघडले होते. १९५२ च्या विजेत्या संघात एक कृष्णवर्णीय खेळाडू होता, आणि पुढे फिलाडेल्फियाहून सात फूट एक इंच उंचीचा विल्ट चेंबरलेन त्याने आणला. पण नियमाप्रमाणे सत्तराव्या वर्षी, १९५६ मध्ये, अ‍ॅलनला निवृत्त व्हावे लागले, आणि चेंबरलेनला मुख्य संघात खेळवण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. चेंबरलेनच्या कॅन्ससने अंतिम फेरी गाठली. कॅन्सस सिटीच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये तीन जादा डाव खेळले गेले आणि कॅन्सस नॉर्थ कॅरोलायनाकडून ५४-५३ असे, अवघ्या एका गुणाने हरले.

त्याच महिन्यात, त्याच सभागृहात, छोट्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तो टेनेसी राज्यातील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाने जिंकला. दोन्ही वर्णांसाठी खुले असलेले राष्ट्रीय अजिंक्यपद अशा महाविद्यालयाला प्रथमच मिळाले होते. त्याचा प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन. पुढची दोन वर्षेही, १९५८ आणि १९५९, ते पद त्यानेच राखले. लॉरेन्सपासून जेमतेम तासाभराच्या वाटेवर, एकाच छताखाली, नेस्मिथच्या घराण्याची एक शाखा एका गुणाने हरली आणि नाकारलेली शाखा जिंकली. त्या वर्षी कॅन्ससचे यश नेमके कोणत्या खात्यात लिहायचे, हा प्रश्न मी हिशेबनीसांवर सोडतो.

पुढचा इतिहास वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक होण्याजोगा आहे. मी तो भराभर सांगतो. १९५५ मध्ये उघडलेल्या, पंधरा हजारांवर प्रेक्षक सामावणाऱ्या क्रीडागृहाला अ‍ॅलनचे नाव आहे आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्याला नेस्मिथचे. १९८८ मध्ये लॅरी ब्राऊनच्या मार्गदर्शनाखाली अकरा सामने हरलेला संघ डॅनी मॅनिंगच्या बळावर अजिंक्य ठरला. पण नियमभंगाबद्दल शिक्षा झाल्याने पुढच्या वर्षी पद राखण्यासाठी त्याला उतरताच आले नाही. नंतर पंधरा वर्षे रॉय विल्यम्स, डीन स्मिथचा शिष्य. म्हणजे घराण्याची विद्या माहेरी परत आली. २००३ मध्ये आलेल्या बिल सेल्फच्या काळात २००८ चे पद जादा डावात मिळाले, आणि २०२२ चे नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध मध्यंतराला पंधरा गुणांनी मागे असताना ७२-६९ असे. मात्र २०२३ मध्ये एका चौकशीनंतर २०१७-१८ च्या हंगामातील पंधरा विजय विद्यापीठाच्या नोंदीतून पुसले गेले. पैसा मोठा झाला की नोंदवही अशी खोडाखोडीची होते. नेस्मिथचे साठ पराभव मात्र अजून कोणी पुसलेले नाहीत.

१९३९ मध्ये नेस्मिथ लॉरेन्सलाच वारला. त्याच्या तेरा नियमांची टंकलिखित दोन पाने २०१० मध्ये लिलावात निघाली आणि विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने ती सुमारे ४३ लाख डॉलरना विकत घेतली. अ‍ॅलनच्या नावाच्या क्रीडागृहाला लागून खास इमारत बांधण्यात आली, ती २०१६ मध्ये खुली झाली, आणि ती पाने तिथे ठेवली आहेत. त्याच २०१६ मध्ये स्प्रिंगफील्डला, नेस्मिथच्या नावाने असलेल्या बास्केटबॉलच्या सन्मानगृहात जॉन मॅक्लेंडनचे नाव प्रशिक्षक म्हणून नोंदले गेले. १९७९ मध्ये ते तिथे एकदा लागले होते, पण ‘खेळाला हातभार लावणारा’ म्हणून. ‘प्रशिक्षक’ हा शब्द त्याच्या नावापुढे लागायला आणखी सदतीस वर्षे जावी लागली, आणि तोवर त्याला जाऊन सतरा वर्षे झाली होती.